विद्यापीठाच्या वसतिगृहात आधार आणि शेजार कसा उभारावा

एखाद्या वसतिगृहाचे कसे चालले आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर अधीक्षकांनी अहवाल मागवण्याआधी स्वतःला एक साधा प्रश्न विचारावा: तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातील खोलीत एकटा राहणारा विद्यार्थी दोन दिवस बाहेर पडला नाही, तर ते सर्वांत आधी कोणाच्या लक्षात येईल, आणि लक्षात आल्यावर ती व्यक्ती नेमके काय करील? मी काही वर्षे वसतिगृहाचे काम पाहिले आणि त्या काळात हा प्रश्न अनेक सहकाऱ्यांना विचारला. बहुतेकांचे पहिले उत्तर 'त्याच्या मित्रांच्या' असे येई. परंतु ज्याला मित्र आहेत त्याच्यासाठी हा प्रश्न विचारावाच लागत नाही. ज्याला अजून कोणी मिळालेले नाही, त्याच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर तयार असणे, हाच वसतिगृहातील आधाराचा पाया होय.

यावरूनच पहिले काम ठरते. खोल्यांची यादी समोर घ्यावी आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे, तो दिसला नाही तर ज्याला चुकल्यासारखे वाटेल अशा एका व्यक्तीचे नाव लिहावे. मजला-प्रतिनिधींना सोबत घेतले, तर ही यादी एका बैठकीत तयार होते. ती अधीक्षकांच्या टेबलाच्या खणातच राहावी, फलकावर कधीही जाऊ नये. जितक्या जागा कोऱ्या राहतील, तितके पुढच्या महिन्याचे काम आहे असे समजावे.

यादी करताना एक गोष्ट हटकून ध्यानात येते: विद्यार्थ्यांपेक्षा कर्मचाऱ्यांना अधिक ठाऊक असते. कोणाचे ताट न संपताच परत येते हे मेसमध्ये वाढणाऱ्याला माहीत असते, कोणत्या खोलीतला दिवा पहाटेपर्यंत जळतो हे रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला माहीत असते आणि कोणाच्या दाराबाहेर आठवडाभर कचऱ्याची पिशवी आलेली नाही हे झाडलोट करणाऱ्या मावशींना माहीत असते. तरीही विद्यार्थ्यांच्या कल्याणाच्या बैठकीला यांपैकी कोणालाही बोलावले जात नाही. त्यांना महिन्यातून एकदा अर्धा तास बोलवावे, काही खटकले तर कोणाला फोन करायचा तो एकच क्रमांक द्यावा आणि काय कळवायचे तेही स्पष्ट सांगावे. 'अमुक खोलीतला मुलगा दोन दिवस दिसला नाही' एवढेच कळवायचे. कारणांचा अंदाज बांधायचा नाही आणि ही गोष्ट दुसऱ्या कोणापाशी काढायची नाही.

पहिले सहा आठवडे

नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताचा सगळा जोर पहिल्या आठवड्यात ओतण्याची चूक जवळजवळ सगळीकडे होते. त्या आठवड्यात मुळातच गडबड असते, कागदपत्रे असतात, घरचे लोक सामान लावून देत असतात. एकटेपण जाणवायला सवडच नसते. ते जाणवते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, जेव्हा बाकीच्यांचे गट जमलेले दिसतात आणि आपण तेवढे मागे राहिलो असे वाटू लागते. म्हणून स्वागताचा वेळ आणि पैसा सहा आठवड्यांत विभागावा आणि त्यातला मोठा वाटा तिसऱ्या आठवड्यानंतरसाठी राखून ठेवावा.

या काळात वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी काय सांगावे, यालाही महत्त्व आहे. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, एका अमेरिकन विद्यापीठातील प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना साधारण तासाभराच्या बैठकीत वरच्या वर्गातल्यांचे अनुभव वाचायला दिले होते. 'आपण इथले नाही' असे सुरुवातीला अनेकांना वाटते आणि काळाबरोबर ते ओसरते, असा त्यांचा आशय होता. त्यानंतर हाच विचार विद्यार्थ्यांनी पुढच्या तुकडीसाठी स्वतःच्या शब्दांत मांडला. पुढील तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण सुधारले आणि गौरवर्णीय विद्यार्थ्यांशी असलेली त्यांची तफावत सुमारे निम्म्यावर आली. एका बैठकीने सर्वत्र एवढा फरक पडेल, असा याचा अर्थ मी घेत नाही. गौरवर्णीय विद्यार्थ्यांच्या गुणांत तर त्याने विशेष बदल झाला नव्हता. मात्र ज्यांना परकेपणाची शंका अधिक छळते, त्यांना 'ही शंका माझ्या एकट्याची नाही' हे कळण्याचे मोल त्यातून दिसते. म्हणून स्वागत-सभेत यशोगाथा सांगणाऱ्याऐवजी 'पहिले दोन महिने मी एकटाच जेवत होतो आणि ते कोणाला कळू नये म्हणून उशिरा जात होतो' असे मोकळेपणाने सांगणारा विद्यार्थी शोधावा.

घरोघर, म्हणजे खोलीखोलीने, जाऊन भेटण्याला पर्याय नाही. पण भेट कशी घ्यावी हे मजला-प्रतिनिधींना शिकवावे लागते. दार वाजवून 'काही अडचण आहे का?' असे विचारले की उत्तर 'नाही' असेच येते, आणि दार बंद होते. त्याऐवजी हातात काहीतरी उपयोगी घेऊन जावे. 'मी समोरच्या खोलीत राहतो. गरम पाणी साडेसातनंतर मिळत नाही, तेवढे सांगायला आलो होतो. आणि ही खिडकी अडकते, जरा वर उचलून ढकलावी लागते,' असे म्हणणाऱ्याला आत बोलावले जाते. दुसऱ्या भेटीत त्याच्याकडेच काहीतरी छोटी मदत मागावी, कारण मदत घेणाऱ्यापेक्षा मदत केलेल्याला त्या जागेविषयी अधिक आपलेपणा वाटू लागतो, असा माझा अनुभव आहे.

जिने, वऱ्हांडे आणि ओळखी

ओळखी कार्यक्रमांत होतात त्यापेक्षा जिन्यावर अधिक होतात. लिओन फेस्टिंगर, स्टॅन्ली शाख्टर आणि कर्ट बॅक यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या निवासांचा अभ्यास करून १९५० साली जे निष्कर्ष मांडले, ते आजही वसतिगृह चालवणाऱ्याने डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहेत. त्या घरांचे वाटप आवडीनिवडी पाहून झालेले नव्हते. तरीही एकाच मजल्यावर अगदी शेजारच्या दारातील लोकांपैकी ४१ टक्क्यांनी एकमेकांना जवळचे मित्र म्हटले, मध्ये एक दार सोडून राहणाऱ्यांत हे प्रमाण २२ टक्के होते आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत १० टक्के. शिवाय जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्याशी अधिक मैत्री जुळलेली आढळली, कारण येणारा-जाणारा त्यांच्या दारावरूनच जात होता.

मग व्यवहारात काय करावे? ज्या ठिकाणी सर्वांना जावेच लागते, म्हणजे पिण्याच्या पाण्याचे यंत्र, कपडे धुण्याची जागा, टपाल ठेवण्याचे कपाट, तिथे एक बाक, एक चार्जिंगचा फलक आणि पुरेसा उजेड द्यावा. दोन मिनिटे थांबायला निमित्त मिळाले, की बोलणे आपोआप सुरू होते. याउलट, मोठ्या खर्चाने तळमजल्याच्या मागच्या बाजूला उभारलेला, वाटेवर नसलेला कॉमन रूम वर्षभर रिकामा राहतो. तसे दोन तरी मी स्वतः पाहिले आहेत. कोपऱ्यातील खोलीत एकट्याने राहण्याची पाळी नव्या विद्यार्थ्यावर येऊ देऊ नये. ती खोली, ज्याच्या ओळखी आधीच जमल्या आहेत अशा जुन्या विद्यार्थ्याला द्यावी.

मात्र जास्त माणसे भेटली की जास्त मैत्री होते, असे सरळ गणित नाही. अँड्र्यू बॉम आणि स्टुअर्ट व्हॅलिन्स यांनी १९७० च्या दशकात वसतिगृहांची तुलना केली, तेव्हा लांबलचक वऱ्हांड्यावर तीसहून अधिक जणांत एक स्नानगृह आणि एक बैठकीची खोली वापरणाऱ्या विद्यार्थ्यांना, चार-सहा जणांसाठीच्या, एकमेकींना जोडलेल्या खोल्यांच्या छोट्या संचात राहणाऱ्यांपेक्षा गर्दी अधिक जाणवत होती आणि ते लोकांना टाळू लागले होते. दर माणशी जागा दोन्हीकडे साधारण सारखीच होती. पुढे १९८० साली बॉम आणि ग्लेन डेव्हिस यांनी दाखवून दिले, की सुमारे ४० जणींचा लांब वऱ्हांडा मध्यावर दारे आणि बैठकीची जागा करून वीस-वीस जणींच्या दोन भागांत विभागला, तर गर्दीची जाणीव कमी होते आणि शेजाऱ्यांशी जुळते. भिंत बांधणे शक्य नसेल तरीही १५ ते २० जणांचा एक गट मानावा, त्यांना स्वतःचा फलक, स्वतःचा प्रतिनिधी आणि स्वतःच्या चहाच्या किटलीची जागा द्यावी. तीनशे जणांच्या व्हॉट्सॲप गटावर कोणी 'ताप आहे, औषध आणून देईल का?' असे लिहीत नाही; वीस जणांच्या गटावर लिहितो.

खोलीतल्या दोघांचे करारपत्र

जवळीक जशी मैत्रीला कारण होते तशीच वैरालाही होते. एबेसन, कियोस आणि कोनेच्नी यांच्या १९७६ च्या अभ्यासात लोकांनी ज्यांना नापसंत म्हटले तेही बहुतेक जवळ राहणारेच निघाले. त्यांच्याविषयीच्या तक्रारी मुख्यतः आवाज, पसारा आणि वाहने लावणे अशा रोजच्या त्रासाच्या होत्या. खोलीतल्या भांडणांचे मूळही हेच असते. स्वभाव जुळत नाहीत असे म्हणून येणाऱ्या दहा अर्जांपैकी आठ, नीट ऐकले तर, दिवा, फोन, पाहुणे आणि न विचारता वापरलेल्या वस्तू यांविषयीचे असतात.

यावर उपाय म्हणजे दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक खोलीने, मजला-प्रतिनिधीच्या उपस्थितीत, अर्धा तास बसून एक लेखी समजूत करावी. छापील नमुन्यावर सही घेण्याने काही साधत नाही, कारण तो कोणी वाचत नाही. प्रश्न नेमके असावेत: दुसऱ्याची परीक्षा उद्या असेल तर दिवा किती वाजता बंद होईल? रात्री अकरानंतरचा फोन कोठे घ्यायचा? पाहुणा आणण्याआधी किती वेळ सांगायचे, आणि 'नाही' म्हणायचे असेल तर कसे म्हणायचे? साबण वाटून वापरायचा, पण टॉवेल नाही, असे काही आहे का? चिडल्यावर तू गप्प बसतोस की बोलून टाकतोस? हा शेवटचा प्रश्न विद्यार्थ्यांना सुरुवातीला हास्यास्पद वाटतो, परंतु पुढे सर्वांत जास्त उपयोग त्याचाच होतो. तीन आठवड्यांनी तोच कागद पुन्हा काढून त्यात दुरुस्ती करावी. पहिल्या बैठकीत दोघेही भिडेपोटी सगळ्याला हो म्हणालेले असतात.

तंटा वाढलाच, तर दोघांना एकदम समोरासमोर बसवू नये. आधी प्रत्येकाचे स्वतंत्र ऐकून घ्यावे, त्याने सांगितलेले आपल्या शब्दांत त्याला परत सांगावे आणि मगच एकत्र बसवावे. पहिल्या काही आठवड्यांत खोली बदलून न देण्याचा नियम ठीक आहे, पण धमकी, छळ, मारहाण किंवा जात, धर्म, लिंग, भाषा यांवरून अपमान झाला असेल तर तो नियम लागू होत नाही, हे नियमावलीत त्याच वाक्यात लिहावे. अशा वेळी त्याच दिवशी खोली बदलावी, आणि हलण्याचा त्रास तक्रार करणाऱ्याच्या माथी मारू नये. रॅगिंगच्या बाबतीतही हेच: तक्रार ऐकणारी निदान एक व्यक्ती वसतिगृहाच्या बाहेरची असावी, कारण ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांच्याच मजल्यावरून चालत जाऊन ती कोणी करत नाही.

मजला-प्रतिनिधी: किती ओझे द्यावे

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, आठ देशांतील १९ उच्चशिक्षण संस्थांमधील प्रथम वर्षाच्या सुमारे ३१ टक्के विद्यार्थ्यांमध्ये मागील बारा महिन्यांत किमान एका सामान्य मानसिक विकाराची लक्षणे प्रश्नावलीच्या निकषांत बसणारी आढळली होती. त्या हिशेबाने वीस जणांच्या गटात असे सहा जण असू शकतात. एकोणीस-वीस वर्षांच्या प्रतिनिधीकडे याची जबाबदारी सोपवून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. त्याचे काम तीन क्रियापदांत मावते: पाहणे, विचारणे, पोहोचवणे. उपचार करणे, चौकशी करणे आणि शिक्षा करणे ही त्याची कामे नव्हेत, हे नेमणूकपत्रातच लिहून द्यावे.

विचारणे हे यांतले अवघड काम आहे आणि त्याचा सराव मोठ्याने बोलून करून घ्यावा लागतो. जीव देण्याविषयी थेट विचारले तर तो विचार आपणच डोक्यात घातला असे होईल, ही भीती जवळजवळ प्रत्येकाला वाटते. या विषयावरील संशोधनातून मात्र असे विचारल्याने धोका वाढत असल्याचे दिसलेले नाही. प्रशिक्षणात दोघांनी समोरासमोर बसून असे वाक्य प्रत्यक्ष उच्चारावे: 'तू हल्ली जेवायला दिसत नाहीस, आणि परवा म्हणालास की आता कशातच अर्थ नाही. जीव द्यावा असे मनात येते का?' आधी जे दिसले ते सांगायचे, मग प्रश्न विचारायचा, मग गप्प बसायचे. हे गप्प बसणे शिकायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

'कोणाला सांगणार नाहीस ना?' या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर कधीच देऊ नये. 'मी गावभर करणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका वाटला तर एका माणसाला सांगेन, आणि सांगण्याआधी तुला कळवेन' एवढेच वचन देता येते. जीव देण्याविषयीच्या प्रश्नाला उत्तर 'हो' असे आले, तर त्याला एकटे सोडू नये, त्याच्याजवळ थांबूनच अधीक्षकांना किंवा तातडीच्या सेवेला फोन करावा. तेवढा तातडीचा धोका नसेल तेव्हाही समुपदेशकाचा क्रमांक कागदावर लिहून हातात देऊन भागत नाही. वेळ ठरवून, सोबत चालत जाऊन, दारापर्यंत सोडावे.

प्रतिनिधीलाही कोणीतरी लागते. दर पंधरा दिवसांनी अधीक्षकांनी प्रत्येकाशी वीस मिनिटे बोलावे, परीक्षेच्या काळात पाळ्या कमी कराव्यात, आणि कामाचा मोबदला मानधन किंवा निवासशुल्कातील सवलत अशा स्वरूपात द्यावा. केवळ प्रमाणपत्रावर रात्रीची जागरणे करवून घेणे मला कधीच पटले नाही.

गळका नळ हाही आधाराचाच विषय

एका वसतिगृहात मी रुजू झालो, तेव्हा जिन्याखाली तक्रारपेटी होती आणि तिच्या कुलपाची किल्ली कोणाकडेच नव्हती. कुलूप तोडल्यावर आत दोन वर्षांच्या चिठ्ठ्या निघाल्या. बहुतेक नळ, गिझर आणि डासांच्या जाळ्या यांविषयीच्या होत्या, पण तळाशी एक होती: 'माझ्याशी इथे कोणी बोलत नाही.' खाली तारीखही नव्हती आणि नावही नव्हते. ज्या जागी नळाच्या तक्रारीला उत्तर मिळत नाही, त्या जागी मनातली गोष्ट सांगून काही होईल असे कोणाला वाटणार? पेटी काढून आम्ही उघडी वही ठेवली. तिच्यात चार रकाने होते: तारीख, तक्रार, काम कोणाकडे दिले, आणि पूर्ण कधी झाले किंवा का होऊ शकत नाही. चौथा रकाना सात दिवसांत भरला गेलाच पाहिजे, मग उत्तर नकाराचे का असेना. खासगी तक्रारींसाठी अर्थातच वेगळी वाट हवी, आणि तिची किल्ली कोणाकडे आहे हे सर्वांना ठाऊक हवे.

कार्यक्रमांविषयी थोडेच सांगतो. वर्षाचे संमेलन करावे, पण त्यावर भिस्त ठेवू नये. ते मुख्यतः आयोजकांनाच जवळ आणते. दर बुधवारी रात्री नऊ वाजता त्याच जागी, तयारी न लागणारे काहीतरी असावे: पत्ते, कॅरम, फाटलेले कपडे शिवणे, किंवा शेजारी बसून शांतपणे अभ्यास. पहिल्या तीन आठवड्यांत चारच जण आले म्हणून ते बंद करू नये. बोलायला न आवडणाऱ्यांनाही हातांना काम असले की बसवते. एका भाषेचे विद्यार्थी एकत्र बसतात म्हणून त्यांना टोकू नये; ती त्यांची विश्रांती असते, मात्र मजल्याच्या बैठकीत सर्वांना समजेल अशीच भाषा वापरावी. सुट्टीत जे घरी जात नाहीत त्यांची यादी आधीच करावी आणि मेस बंद असेल तर त्यांच्या जेवणाची सोय आधी सांगावी.

हे सर्व साधले की नाही, हे कार्यक्रमांच्या हजेरीवरून ठरवू नये. सहाव्या आठवड्यात आणि पुन्हा सत्राच्या अखेरीस, निनावी चिठ्ठीवर तीन प्रश्न विचारावेत: मजल्यावरील किती जणांना तू नावाने ओळखतोस? रात्री दोन वाजता बरे वाटेनासे झाले तर कोणाचे दार वाजवशील? मागच्या तक्रारीचे उत्तर मिळाले का? दुसऱ्या प्रश्नापुढे 'कोणाचेच नाही' असे लिहिणाऱ्यांची संख्या दर मजल्यागणिक काढावी आणि ज्या मजल्यावर ती जास्त असेल तेथे आधी जावे.

प्रतिनिधी दरवर्षी बदलतात आणि त्यांच्याबरोबर सगळी माहिती निघून जाते, म्हणून जाण्याआधी प्रत्येकाने पुढच्यासाठी दोन पाने लिहून ठेवावीत. कोणता बाक वापरात आला आणि कोणता नाही, कोणत्या आठवड्यात मजला उदास होतो, पहारेकऱ्यांपैकी कोण लवकर फोन करतो, कोणता कार्यक्रम फसला, हे त्यांत असावे. कोण रडले, कोणाला औषधे चालू आहेत, कोणाचे कोणाशी बिनसले, यातले काहीही त्यांत नसावे. कोऱ्या जागांची ती यादी मात्र वर्ष संपताच फाडून टाकावी आणि नव्या तुकडीबरोबर पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू करावी.